बरं नाही म्हणायची शिकवणी

अर्लीन टूक्सला "कशी आहेस?" असं कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "देवाची कृपा आहे, भरभरून आहे." गुडघे ठणकत असोत की छप्पर गळत असो, उत्तरात काडीचाही फरक नाही. नवऱ्याचा दफनविधी उरकून आली त्या दुपारीसुद्धा कुणीतरी विचारलं, तर तिने पांढरे हातमोजे सारखे करत हेच सांगितलं होतं. मॅकन गावातल्या काळ्या लोकांच्या माउंट मोरिया चर्चमधल्या सगळ्याच बायका असं म्हणत, पण अर्लीनसारखं कुणाला साधत नसे. तिच्या तोंडून ते ऐकलं की ऐकणाऱ्यालाही आपलं बरं चाललंय असं वाटू लागे.

चर्चमधल्या पांढऱ्या गणवेशातल्या सेविकांची ती प्रमुख होती. हे काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. भजनाच्या भरात एखाद्या बाईच्या अंगात पवित्र आत्मा संचारतो, ती थरथरते, ओरडते, मागच्या मागे कोसळते. तिचं डोकं जमिनीला लागायच्या आत अर्लीनचा हात मानेखाली पोचलेला असे. दुसऱ्या हाताने ती चष्मा काढून खिशात टाकी, मग गुडघ्यांवर पांढरी चादर ओढी आणि वारा घाली. भरल्या चर्चसमोर पडलेल्या कितीतरी बायकांची लाज तिने झाकली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली, तरी हे काम तिने सोडलं नाही.

म्हणूनच चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी नवे वर्ग सुरू झाले, तेव्हा पहिलं नाव तिचंच लागलं. बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणाऱ्या बायका तयार करायच्या होत्या. त्यांना डूला म्हणतात. डूला बाळंतपण करत नाही, औषध देत नाही. ती आधी घरी येऊन चार गोष्टी समजावते, कळा येताना पाठ चोळते, डॉक्टरांपुढे बाईची बाजू धरते आणि नंतरही घरी येऊन बघून जाते. अर्लीन म्हणाली, "म्हणजे आजपर्यंत फुकट केलं तेच. आता नाव मिळालं."

गरज का पडली, हे हॉलमधल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. या देशात काळ्या बायका बाळंतपणापायी गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त मरतात, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी बाळ झाल्यावर, घरी गेल्यावर मरतात. प्रत्येकीला त्यातलं एखादं तरी नाव ठाऊक होतं.

शिकवायला होती थॉमसिना बॅटल. स्वतः सुईण, चाळिशी ओलांडलेली, शेकडो बाळांना जगात आणलेली. पण लहानपणी ती अर्लीनच्या रविवारच्या शाळेत होती, त्यामुळे अर्लीनच्या लेखी अजून तिच्या वेण्या सुटलेल्याच होत्या आणि नाक वाहतच होतं. थॉमसिनाही इतरांसारखीच तिला मानाने मिस अर्लीन म्हणायची.

पहिल्याच दिवशी थॉमसिनाने एकेकीला विचारलं, "कशा आहात?"

"कृपा आहे," ग्लोरिस म्हणाली. ग्लोरिसचं केसांचं दुकान होतं आणि तिची जीभ तिच्या कात्रीहून धारदार होती.

"कृपा आहे," तिची शेजारीण म्हणाली.

अर्लीनने तर "भरभरून" हा शब्द असा काही लांबवला की मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

थॉमसिना टेबलाला टेकली. "एक नियम सांगते. माझ्या वर्गात हे उत्तर चालणार नाही. शरीराचं काय असेल ते सांगायचं. गुडघा तर गुडघा, पित्त तर पित्त."

"अगं बाई," ग्लोरिस म्हणाली, "मग डबे घेऊन यायला सांगायचंस. माझं संपायला दुपार होईल."

सगळ्या हसल्या. अर्लीन हसली नाही.

"थॉमसिना, चर्चमध्ये उभी राहून तू आम्हाला सांगतेस, देवाचं नाव घेऊ नका?"

"घ्या ना, मिस अर्लीन, पोटभर घ्या. पण तुमचा गुडघा देवाला ठाऊक असतो. नर्सला नसतो."

"मी तुझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, विसरलीस वाटतं."

"कशी विसरेन? नवव्या आज्ञेला अडखळले की पट्टी बसायची. खोटी साक्ष देऊ नको. तीच ना?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की कॉफीचा कप लवंडला. अर्लीनच्या कपाळावर आठ्या पडल्या.

हसू ओसरल्यावर थॉमसिना बसली. "आपल्या बायका सांगतात आणि त्यांचं ऐकलं जात नाही, असं खूप होतं. तिथे कसं भांडायचं, ते मी शिकवणार आहे. पण जिने सांगितलंच नाही तिच्यासाठी तुम्ही भांडणार कशा?"

अर्लीनला ते समजलं. पटलं मात्र नाही. तिची आई आयुष्यभर गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची. तिने लेकीला शिकवलं होतं, आपलं दुखणं त्या लोकांच्या हाती द्यायचं नाही. दिलं की ते आळशी म्हणतात, नाहीतर नाटकी म्हणतात. "कृपा आहे" म्हणायचं, मान वर ठेवायची आणि घरी येऊन रडायचं. त्या एका वाक्यावर कितीतरी बायकांनी पाठीचा कणा ताठ ठेवला होता. त्याला नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही, आणि थॉमसिनानेही ठेवली नाहीत. ती फक्त सरावाच्या वेळी अर्लीनला थांबवायची. सरावात एकजण बाळंतीण होई, एक डॉक्टर, एक सोबतीण. अर्लीन सोबतीण असली की डॉक्टरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती बाळंतिणीच्या खांद्यावर हात ठेवून सांगे, "आमची पोर ठणठणीत आहे, डॉक्टर."

"मिस अर्लीन," थॉमसिना म्हणे, "तुम्ही परत झाकलंत."

अर्लीनच्या वाट्याला पहिली आली ती केटुरा. पंचविशीच्या आतली, चर्चच्या गायकवर्गात वरच्या पट्टीत गाणारी, पार्सलच्या गोदामात कामाला. नवरा लव्हेल ट्रक चालवायचा. केटुराला अर्लीनने पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. पोर गुणी, कुणाला त्रास न देणारी. कसं वागायचं ते शिकली होती अर्लीनसारख्यांकडूनच.

बुधवारी केटुरा बाळंत झाली आणि अर्लीनने कमाल केली. कळ आली की ती कमरेवर तळहात रोवून दाबायची आणि कळ ओसरेपर्यंत हलायची नाही. अधूनमधून गुणगुणायची. लव्हेल घाबरून गळपटला, तर त्यालाही खुर्चीत बसवून वारा घातला. बाळ रडलं तेव्हा अर्लीन भिंतीकडे तोंड करून रडली. मुलगी झाली होती, आणि बापाचे कान घेऊन आली होती.

शुक्रवारी घरी सोडायचं ठरलं. अर्लीन सकाळीच पोचली. तिने केटुराचे केस विंचरले, रेशमी रुमाल बांधला, ओठांना थोडी लाली लावली. घरी जाताना चार लोक बघतात, आणि दवाखान्यातसुद्धा नीटनेटक्या बाईशी लोक नीट वागतात, हे तिचं जुनं मत. केटुरा छान दिसत होती. तरुण डॉक्टर आत आला, हसतमुख होता, पण घाईत होता.

"कशा आहात? काही त्रास?"

"बरी आहे," केटुरा म्हणाली, "फक्त डोकं जरा…"

अर्लीनचा हात तिच्या खांद्यावर पडला. "देवाची कृपा आहे, डॉक्टर. झोप नाही झालेली, एवढंच. पहिलटकरीण आहे ना."

डॉक्टर हसला, अभिनंदन करून पुढच्या खोलीकडे गेला. केटुराने ओठ मिटले आणि ती हसली. अर्लीनला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट घरी आल्यावर तिने केकचा मोठा तुकडा कापून घेतला आणि स्वतःवर खूश होत खाल्ला.

शनिवारी वर्गात टाळ्या वाजल्या. ग्लोरिसने मिठी मारली, थॉमसिनाने गालाचा मुका घेतला. "छान केलंत, मिस अर्लीन. आणि केटुरा कशी आहे आता?"

"देवाची कृ…"

"सापडली!" ग्लोरिस म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

थॉमसिना हसली नाही. "खरंच विचारतेय. घरी जाताना डोकं दुखत होतं का? डोळ्यांपुढे काही येत होतं? चेहऱ्यावर सूज?"

अर्लीन उत्तर द्यायला गेली आणि तिला ते शब्द आठवले. फक्त डोकं जरा. हे शब्द तिने कानांनी ऐकले होते, आणि ते पुरे व्हायच्या आत स्वतःच्या हाताने झाकले होते.

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "ती सांगत होती. मी सांगू दिलं नाही."

थॉमसिनाने अर्लीनची पिशवी तिच्या हातात दिली. "रक्तदाबाचं यंत्र आहे ना यात? जा. फोन हातात ठेवा. मी इथेच आहे."

गाडीत बसल्याबसल्या अर्लीनने फोन लावला. केटुराने उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, "कृपा आहे, मिस अर्लीन. भरभरून." दुसऱ्या कुणाचंही समाधान झालं असतं. कालपर्यंत अर्लीनचंही झालं असतं. आज मात्र तो आवाज ऐकून तिने गाडी सुरू केली, कारण तो तिचाच आवाज होता.

लव्हेलने दार उघडलं. बाळ त्याच्या खांद्यावर होतं. "या, मिस अर्लीन. ती बरी आहे म्हणते, जरा पडू दे म्हणते."

बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत सगळे पडदे ओढलेले. केटुरा सोफ्यावर आडवी होती, डोळ्यांवर ओलं फडकं. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. परवा बघितला असता तर अर्लीन म्हणाली असती, पोरीवर बाळंतपणाचं तेज आलंय.

"कशी आहेस, पोरी?"

"कृपा आहे."

अर्लीनने पिशवी ठेवली. मग जे तिच्या गुडघ्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं. सोफ्याचा हात धरून, कण्हत, ती खाली सतरंजीवर बसली.

"आता मला विचार, मी कशी आहे."

"अं?"

"विचार ना."

"कशा आहात, मिस अर्लीन?"

"बरी नाही," अर्लीन म्हणाली. इतक्या वर्षांत हे शब्द तिने कुणापुढे उच्चारले नव्हते, त्यामुळे ते वेडेवाकडे बाहेर आले. "गुडघे कामातून गेलेत. रविवारी उभी असते तेव्हा दुखून डोळ्यांत पाणी येतं, आणि पाद्रीबाबांना वाटतं मला आत्म्याने स्पर्श केला. नवरा गेल्यापासून मला धड झोप नाही. आणि काल मी तुझं बोलणं तोडलं, त्या भीतीने आत्ता हात कापतायत माझे. हे बघ."

केटुराने फडकं बाजूला केलं. अर्लीनच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"डोकं फुटतंय, मिस अर्लीन," ती हळूच म्हणाली. "गुरुवारपासून. गोळीनेही थांबत नाही. डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, उजेड सोसत नाही. आणि इथे, बरगडीखाली, कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखतंय. मला वाटलं सगळ्यांनाच होत असेल. मला वाटलं, मीच कुरकुरतेय."

"मला तर तू ठीक आहेस म्हणालीस," लव्हेल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"तुला मुलीकडे बघायचं होतं ना."

अर्लीनने यंत्राचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा आला. तिने थोडं थांबून पुन्हा घेतला. तोच आला, आणि वर्गात थॉमसिनाने ज्या आकड्याच्या वर गेलं की क्षणभरही थांबायचं नाही असं बजावलं होतं, त्याच्या तो बराच वर होता.

अर्लीनने लगेच थॉमसिनाला फोन लावला. ती चढ्या आवाजात बोलली नाही. "तुमची गाडी काढू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि तिथे पोचलात की बाळंत होऊन तीनच दिवस झालेत, हे सगळ्यात आधी कळू दे. नाहीतर ते साधी डोकेदुखी समजतील." मग जरा थांबून म्हणाली, "तिलाच सांगू दे, मिस अर्लीन. अगदीच नाही बोलली तर तुम्ही बोला."

दवाखान्याच्या तातडीच्या दारात एक नर्स पुढे आली. उंच, दमलेली, कानामागे पेन.

"हं, काय म्हणतेय तब्येत?"

स्ट्रेचरवर पडल्यापडल्या केटुराच्या ओठांनी सवयीने हसू जुळवलं. अर्लीनला ते दिसलं. तिचा स्वतःचा हात पोरीच्या खांद्याकडे निघाला. तिने तो मध्येच थांबवला आणि केटुराचा हात हातात घेतला. जीभ दाताखाली धरली. भांडायची सगळी तयारी करून आली होती, कुणाकुणाला काय सुनवायचं ते ॲम्ब्युलन्समध्ये ठरवलं होतं. पण आता गप्प राहायचं होतं, आणि ते भांडण्याहून अवघड होतं.

"मी बरी नाही," केटुरा म्हणाली. गाण्यात कमावलेला आवाज होता तो. पलीकडच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. "बुधवारी बाळंत झालेय. डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे ठिपके येतायत, बरगडीखाली दुखतंय, रक्तदाब खूप वाढलाय. मी बरी नाही."

नर्सने वाद घातला नाही. शंकाही घेतली नाही. तिने मागे वळून दोन नावं पुकारली, स्ट्रेचर स्वतः ढकलायला सुरुवात केली, आणि जाताजाता म्हणाली, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस." अर्लीनचं ठरवलेलं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं. इतक्या आनंदाने तिने आयुष्यात कुठलंच भांडण सोडलं नव्हतं.

दुसरी डॉक्टर आली, शिरेतून औषध सुरू झालं. बाळंतपणानंतर चढणारा रक्तदाब, ती म्हणाली, वेळेवर आलात. अजून थोडं थांबला असतात तर आकडी आली असती, आणि मग काय झालं असतं ते तिने सांगितलं नाही. लव्हेलने बाळ आणखी घट्ट धरलं. अर्लीन बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा थॉमसिना हॉलमधून सरळ तिथे आली होती. ती शेजारी बसली, आणि अर्लीनने त्या सुटलेल्या वेण्यांच्या पोरीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"पट्टी मारायला हवी होती मला," अर्लीन म्हणाली.

"कशाला? तुम्ही गेलात ना परत."

"तू विचारलंस म्हणून गेले."

"तेवढ्यासाठीच वर्ग असतो, मिस अर्लीन," थॉमसिना म्हणाली आणि तिला कॉफी आणायला गेली.

रविवारी माउंट मोरियात पांढऱ्या गणवेशातल्या सेविका उभ्या राहिल्या, त्यांत त्यांची प्रमुख नव्हती. लोकांना नवल वाटलं. ती केटुराच्या पलंगाशेजारी बसून होती. रक्तदाब उतरला होता. चेहऱ्यावरची सूज ओसरायला लागली होती. डॉक्टरांनी धोका टळला असं सांगितल्यापासून अर्लीन मनातल्या मनात आभार मानत सुटली होती. देवाचे, थॉमसिनाचे, त्या उंच नर्सचे, यंत्र बनवणाऱ्याचे.

"मला तुमचा राग आला होता," केटुरा म्हणाली. "शुक्रवारी, डॉक्टर गेले तेव्हा."

"यायलाच हवा होता."

"घरी येऊन ठरवलं, आता कुणाला काही सांगायचंच नाही. मग तुम्ही सतरंजीवर बसलात." तिला हसू आलं. "आधी वाटलं, आता यांना उठवायचं कसं? आणि मग वाटलं, या जर सांगू शकतात तर मीही सांगेन."

अर्लीनने केटुराच्या पायांवरची चादर उगाच सारखी केली. मग विचारलं, "आणि आत्ता? आत्ता कशी आहेस?"

केटुराने तिच्याकडे पाहिलं, आणि सुरू झाली. त्या औषधाने अंगात भट्टी पेटल्यासारखं होतंय. बर्फ मागितला तर भांडंभर पाणी आणून दिलं. छाती दगडासारखी झालीये आणि बाळ नीट पीत नाही. दंडावरचा पट्टा सारखा आवळतो, डोळा लागू देत नाही. इथल्या अंड्यांना कसलीही चव नाही. टाके ओढतायत. लव्हेल खुर्चीत बसून असा घोरतो की बाळही दचकतं. सासूबाई मुलीला स्वतःचं नाव ठेवा म्हणतायत, आणि त्यांचं नाव ऐकवत नाही.

अर्लीन पुढे वाकून ऐकत होती. गायकवर्ग ऐन रंगात आला की ती जशी डोळे मिटून मान हलवायची, तशी मान हलवत होती. एकेका तक्रारीला तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ही पोर कुरकुरत होती. ही पोर जिवंत होती.

"कंटाळलात ना?" केटुराने विचारलं.

"संपलं का तुझं?"

"नाही. पाठही दुखतेय."

"मग सांग," अर्लीन म्हणाली. "कुठे दुखतेय, नीट सांग. मला आज कुठेही जायचं नाही."